कनवटीची सुरी

गेल्या हिवाळ्यात कचेरीतल्या एका मैत्रिणीच्या भाचीच्या लग्नाला बिदर जिल्ह्यात भालकीजवळ गेले होते. विजापूर, कलबुर्गी, हुमनाबाद असा लांबचा प्रवास. बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा बघायचा, जमल्यास बिद्रीची एखादी डबी घ्यायची, एवढाच बेत होता. डबी काही घेतली नाही, किंमत ऐकून परत ठेवली! पण लग्नघरी एका आजींनी पेटीतून एक कापडी पिशवी काढून दाखवली, आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतो आहे. जिच्या कमरेला पट्टा नाही, त्या बाईने शस्त्र ठेवावे कुठे?

प्रश्न विचित्र वाटेल, पण जरा विचार करून बघा. पुरुषाच्या शस्त्राची सगळी व्यवस्था पट्ट्यावर किंवा शेल्यावर उभी आहे. तलवार कमरबंदाला लटकते, कट्यार शेल्यात खोचली जाते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवाजीमहाराज अफजलखानाला भेटले, तेव्हा वाघनखे मुठीत होती आणि बिचवा अंगरख्याच्या बाहीत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. लपवायला बाही होती म्हणून बिचवा लपला. आपल्या आजीच्या चोळीची बाही आठवा. दंडाला घट्ट बसणारी. तिच्यात सुईसुद्धा लपणार नाही.

मग बायकांजवळ काय होते? नऊवारी लुगडे. आमच्या आजीच्या लुगड्यात अख्खे कपाट मावायचे. पदराच्या गाठीला पैसे, ओच्यात पानाची चंची, पुढे ओटीत परसातली भाजी नाहीतर फुले, आणि कमरेच्या पिळात, म्हणजे कनवटीला, किल्ल्या. मराठीत या जागांना इतके शब्द आहेत की लुगडे हे वस्त्र कमी आणि सामान वाहण्याची सोय जास्त वाटावी. पण या जागा हलक्या आणि मऊ वस्तूंसाठी. पावशेर वजनाचे लोखंड कनवटीला लावले तर पीळ सुटतो, चालताना ते खाली सरकते, आणि खाली बसले की टोक पोटात घुसते. शिवाय शस्त्र लपवायचे असेल तर ते तीन गोष्टी मागते. हलता कामा नये, धारेला आवरण हवे, आणि हात सरळ मुठीवर पडायला हवा. लुगड्याच्या पिळात यातली एकही धड जमत नाही.

याच बिदरला दोनशे तीस वर्षांपूर्वी पट्टे बांधलेल्या बायकाही होत्या! हैदराबादच्या निजामाजवळ जफर पलटण नावाची बायकांची फौज होती. काम मुख्यतः जनानखान्याच्या पहाऱ्याचे, पण गणवेश शिपायांसारखा आणि हातात बंदुका. निजाम अलीखानाचा तळ बिदरला पडला होता आणि तेथूनच तो पुणेकरांवर चालून गेला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी त्याचा पराभव केला. त्या मोहिमेत ही पलटणही होती. आपल्याकडे खर्ड्याची लढाई सांगताना परशुरामभाऊ आणि नाना फडणीस येतात, या बायका येत नाहीत. त्यांना पट्टा मिळाला तो सरकारी चाकरीमुळे. लपवण्याचा प्रश्नच नव्हता, उलट शस्त्र दिसणे हेच त्यांचे काम. घरच्या बाईची गोष्ट वेगळी. तिचे शस्त्र दिसले तर संपलेच.

असो. आता आजींच्या पिशवीकडे येते.

वीतभर लांब, चार बोटे रुंद, जाड्याभरड्या खादीची दुहेरी शिवण. आत चामड्याचा तुकडा, जुन्या वहाणेचा. दोन्ही बाजूंना नाडे. ही आजींच्या आईची. आजी तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील. साल १९४८.

तो काळ थोडक्यात सांगायला हवा, कारण आपल्या गोव्यात हैदराबाद संस्थानाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजाम सामील झाला नाही. आपण १९६१ पर्यंत थांबलो, ते तेरा महिने थांबले. या तेरा महिन्यांत लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगतात. तिथे २०२३ साली स्मारक उभे राहिले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आले, आणि भालकी, औराद, बसवकल्याणची मराठी माणसे आजच्या कर्नाटकात राहिली.

"मायनं बांधली ती उन्हाळ्यात," आजी म्हणाल्या. "आधी पुढं बांधली. जात्यावर बसली की टोचायची. मग मागं बांधली, तर हात पुरंना. पोटुशी होती ती."

शेवटी जागा सापडली ती डाव्या कुशीवर, कमरेच्या हाडाच्या जरा वर, तिरकी. मूठ पुढे झुकलेली. नाडा लुगड्याच्या आतून, थेट अंगावर, म्हणजे पीळ सुटला तरी पिशवी जागची हलत नाही. उजवा हात पदर सावरायला जातो तसा गेला की मुठीवर. पोट वाढले तसा नाडा वर सरकत गेला. मी पिशवी माझ्या साडीवर लावून बघितली. खरोखरच बसताना टोचत नाही. ती निरक्षर बाई हे कुणाकडून शिकली नव्हती. जात्यावर बसून, पाणी भरून, दोन-तीनदा टोचून घेऊन तिने ते ठरवले.

मी विचारले, "आजी, पण विळा होताच की घरात. तो हातात धरून फिरले तर कोण हटकणार?"

"दिवसा इळाच. रातीला इळा हातात घेऊन झोपतेत का, पोरी?"

विळ्याबद्दल एक गंमत सांगते, कारकुनाच्या डोक्याला सुचणारी. आपल्या शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोजली आहेत, पण घरकामाची आणि शेतीची अवजारे वगळून. म्हणजे कायद्यानेही बाईच्या हातातला विळा दिसूनही न दिसल्यासारखाच ठरवला आहे. तिचे सगळ्यांत लपलेले शस्त्र तेच.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने खास स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतरची गोष्ट. वजन अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर, आणि सोबत दागिन्यांच्या डबीसारखी मखमली पेटी! पर्समध्ये मावेल, असे कौतुकाने छापून आले होते. पण बाईजवळून पहिली हिसकावली जाते ती पर्स. शिवाय भरलेले रिव्हॉल्व्हर किल्ल्या-पेनांच्या गर्दीत सुटे ठेवणे धोक्याचेच, त्याच्या घोड्याला आवरण पाहिजे. पेटी बनवणाऱ्यांपेक्षा वहाणेचे चामडे आत शिवणारी बाई मला जास्त शहाणी वाटते.

आता जे विचारायला जीभ रेटत नव्हती ते विचारले. सुरी कुणासाठी होती?

"दुसऱ्यासाठी नव्हती," आजी म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरले, १७ तारखेला निजाम शरण आला. गोष्ट तिथे संपत नाही, आपण ती तिथे संपवतो. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड उलटा फिरला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला, त्यांत बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. बायकांनी विहिरी जवळ केल्याचेही त्यात आहे. अहवाल कित्येक दशके बंद राहिला, २०१३ मध्ये लोकांना वाचायला मिळाला.

त्या आठवड्यांत एका रात्री आजींच्या आईने कमरेची पिशवी सोडली आणि भिंतीपलीकडच्या घरी नेऊन दिली. तिथली सून हिच्याच वयाची. दोघी एकाच आडावर पाणी भरायच्या. पिशवी कुठे आणि कशी बांधायची, तेही अंधारात बांधून दाखवले. आजींना आईच्या मागे उभे राहिल्याचे आठवते, बोलणे आठवत नाही.

ते कुटुंब दिवाळीच्या सुमारास हैदराबादला निघून गेले. जाताना पिशवी परत आली. सुरी आतच होती, एका बाजूचा नाडा नवा होता, हिरव्या कापडाचा. तो अजून आहे. दुसऱ्या बाजूचा मूळचा, धुऊन धुऊन पांढरा पडलेला.

सुरीचे पुढे काय झाले, विचारले.

"कांदे चिरून चिरून झिजली की," आजी म्हणाल्या. पिशवीत त्यांनी पेन्शनचे पैसे ठेवलेले होते. ते मोजून पुन्हा आत घातले आणि पेटी लावली.