रोमन लिपीतील मोठी-लहान अक्षरे आणि डेटाबेसमधील नावे

१/ अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झ हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, अमेरिकेत आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. आजची एसक्यूएल ती हीच. तिच्यातील नावांचा एक नियम मात्र संगणकाहूनही जुन्या इतिहासातून आला आहे.

२/ रोमन अक्षराला दोन रूपे असतात. छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या खणपेटीत, लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवत. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ हे शब्द तिथले. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात (१८६९) जोडाक्षरांसाठी असंख्य खिळे लागत, पण देवनागरीत अशी जोडी नव्हतीच.

३/ पंचकार्डाच्या काळातील बहुतेक यंत्रे फक्त मोठी अक्षरे छापत. त्याच वळणावर १९९२ च्या एसक्यूएल मानकाने ठरवले: अवतरणचिन्हांविना लिहिलेले नाव मोठ्या अक्षरांतले मानावे. ओरॅकल हेच करते. पोस्टग्रेस मात्र सारे लहान करते. मायएसक्यूएलमध्ये तक्त्यांची नावे फायलींशी जोडलेली. म्हणून सहसा लिनक्सवर भेद होतो, विंडोजवर होत नाही.

४/ दुहेरी अवतरणचिन्हांत घातलेले नाव जसेच्या तसे राहते. रोमन लिपीत ‘विले पार्ले’ दोन शब्दांत लिहितात. मधल्या जागेमुळे तक्त्याच्या अशा नावाला ही चिन्हे लागतातच. एकेरी चिन्हे नावासाठी नसून तक्त्यातील मजकुरासाठी असतात.

५/ समजा, उपनगरांच्या जुन्या नोंदींचा तक्ता कोणी ‘बोरिवली’ या रोमन नावाने, पहिले अक्षर मोठे ठेवून, दुहेरी चिन्हांत तयार केला. दुसऱ्याने तेच नाव चिन्हांविना विचारले. ओरॅकल सगळी अक्षरे मोठी करून शोधते, पोस्टग्रेस लहान करून. दोघांचेही उत्तर एकच: असा तक्ता नाही. नोंदी शाबूत असतात, पण हाती लागत नाहीत.

६/ देवनागरीत हा पेच उद्भवत नाही; दुसरा उद्भवतो. ‘बोरिवली’ आणि ‘बोरीवली’ वाचकाला एकच गाव वाटते, संगणकाला दोन नावे.

७/ म्हणून तक्त्यांची नावे लहान रोमन अक्षरांत, जागेऐवजी अधोरेषा देऊन, अवतरणचिन्हांविना ठेवण्याचा प्रघात आहे. दफ्तरातील कागद असो वा डेटाबेसमधील तक्ता, नाव एका ठरलेल्या रूपात लिहिले तरच तो पुढच्या अभ्यासकाला सापडतो.