बाळाला उताणंच का झोपवायचं? एका चुकलेल्या सल्ल्याचा इतिहास

"डॉक्टर, उपडं निजवलं की बाळ कसं शांत झोपतं. उताणं ठेवलं की सारखं दचकून उठतं. मग उपडंच ठेवलं तर काय बिघडलं?"

तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन आलेल्या एका आजींचा हा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त आहे. आजींनी सांगितलेलं निरीक्षणही खरं आहे. उपडं झोपलेलं बाळ खरोखरच जास्त गाढ झोपतं. पण गंमत अशी, की याच 'शांत झोपेवर' विश्वास ठेवून पाश्चात्त्य देशांतल्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं चुकीचा सल्ला दिला. ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो, म्हणजे 'उताणंच का?' याचं उत्तर तुमच्या कायम लक्षात राहील.

डॉ. बेंजामिन स्पॉक हे अमेरिकेतले नामवंत बालरोगतज्ज्ञ. बालसंगोपनावरचं त्यांचं पुस्तक १९४६ साली आलं आणि त्याच्या लाखो प्रती घरोघरी पोहोचल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत बाळाला पोटावर झोपवणं चांगलं, असा सल्ला आला. कारणं दोन होती. उताण्या बाळाने दूध ओकलं तर ते घशात अडकेल, आणि एकाच बाजूला मान ठेवल्याने डोकं चपटं होईल. दोन्ही कारणं ऐकताक्षणी पटतात, नाही का? पुढे अतिदक्षता विभागात अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना पालथं ठेवल्यावर श्वास घेणं सोपं जातं असं दिसलं. तिथे यंत्रांची आणि परिचारिकांची सतत नजर असते. पण तीच पद्धत घरच्या धडधाकट बाळांनाही लागू झाली.

दरम्यान एक दुःखद गोष्ट घडत होती. रात्री दूध पिऊन झोपलेलं, कसलाही आजार नसलेलं बाळ सकाळी पाळण्यात मृत सापडायचं. शवविच्छेदनातही कारण मिळायचं नाही. १९६९ साली याला अधिकृत नाव मिळालं, 'सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम', म्हणजेच सिड्स. आईवडील आयुष्यभर स्वतःला दोष देत राहायचे. प्रत्यक्षात त्यांनी डॉक्टरांचं ऐकलेलं असायचं.

खुणा दिसत नव्हत्या असं नाही. १९४४ सालीच न्यूयॉर्कमधल्या हॅरोल्ड अब्रामसन या डॉक्टरांनी नोंदवलं होतं, की गुदमरून दगावलेल्या बाळांपैकी बरीच पालथी सापडली होती. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉ. सुसान बील अशी बाळं दगावलेल्या घरी स्वतः जायच्या आणि बाळ कसं झोपवलं होतं हे विचारायच्या. त्यांनाही तेच आढळलं. १९८५ साली हाँगकाँगमधून लेख आला, की तिथे असे मृत्यू फार कमी होतात आणि तिथली बाळं उताणी झोपतात. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात पालथं झोपवण्याची पद्धत आली आणि असे मृत्यू वाढले. तिथले प्राध्यापक गुस द याँग यांनी १९८७ साली ती बंद करण्याचा आग्रह धरला. १९९० साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागात डॉ. पीटर फ्लेमिंग यांच्या अभ्यासात पालथ्या बाळांचा धोका आठपटीहून जास्त दिसला.

तरी सल्ला लोकांपर्यंत पोहोचायला एका आईचं दुःख कारणी लागलं. ब्रिटनमधल्या टीव्ही निवेदिका ॲन डायमंड यांचा चार महिन्यांचा मुलगा सेबॅस्टियन जुलै १९९१ मध्ये झोपेतच गेला. न्यूझीलंडमध्ये संशोधन आणि जनजागृती पुढे गेल्याचं त्यांना समजलं आणि त्यांनी पाठपुरावा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये 'बॅक टु स्लीप' मोहीम सुरू झाली. पुढच्या काही वर्षांतच तिथले हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेतही सिड्सचं प्रमाण १९९२ साली दर हजार बाळांमागे १.२ होतं, ते २००१ पर्यंत ०.५६ वर आलं. ना नवं औषध, ना लस. फक्त बाळाची कूस बदलली!

२००५ साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी सगळे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. १९७० पर्यंतच पुरेसा पुरावा जमला होता. तो वेळीच एकत्र मांडला असता तर ब्रिटनमधली १०,००० हून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटनचे डॉ. इयान चाल्मर्स यांनी तर कबूल केलं, की स्पॉक यांचं पुस्तक वाचून त्यांनीही मातांना हाच सल्ला दिला होता. आम्हा डॉक्टरांसाठी हा मोठा धडा आहे. सल्ला पटण्यासारखा असणं वेगळं आणि तपासून खरा ठरणं वेगळं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. श्वास कोंडला तर निरोगी बाळ जागं होतं, मान वळवतं, रडतं. ही निसर्गाने दिलेली धोक्याची घंटा आहे. पालथ्या, गाढ झोपेत ती उशिरा वाजते. शिवाय तोंड गादीत रुतलं तर उच्छ्वासातली हवाच पुन्हा आत जाते आणि अंगही जास्त तापतं. आणि ओकण्याचं म्हणाल, तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागतं. म्हणजे उताणं बाळ उलट जास्त सुरक्षित असतं.

एवढं लक्षात ठेवा:

- पहिलं वर्षभर, दिवसा आणि रात्रीही, बाळाला पाठीवरच झोपवा. कुशीवर ठेवलेलं बाळ सहज पालथं होतं.
- गादी घट्ट आणि सपाट हवी. मोहरीची उशी, लोड, मऊ दुलई, खेळणी झोपेच्या जागी नकोत. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोपेसाठी सपाट जागा बरी.
- झोपताना टोपडं आणि जास्तीचे कपडे काढा.
- बाळ तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या जागेवर असावं. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपू नका. घरात धूम्रपान नकोच.
- जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर, रोज थोडा वेळ पालथं ठेवा. मान बळकट होते, डोकंही चपटं होत नाही.
- बाळ दोन्ही बाजूंनी स्वतः वळू लागलं, की पाठीवर झोपवा. नंतर ते आपणहून पालथं झालं तर उठून सरळ करत बसायला नको.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा श्वासाचा त्रास असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

आपल्याकडे बाळाला दुपट्यात गुंडाळून उताणं निजवायची रीत जुनीच आहे. आजींना मी एवढंच म्हणालो, "तुमच्या आजीने तुम्हाला जसं निजवलं, तसंच निजवा." त्या हसल्या. बाळ रात्री एकदोनदा जास्त उठेल, उठू द्या. त्याचं ते दचकून उठणंच त्याला जपतं.