सिरोंचा परिसरातील जीवाश्म मत्स्य : जातिनिश्चितीचा इतिहास

प्रस्तावना :

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, प्राणहिता-गोदावरी संगमाजवळ सिरोंचा तालुका वसलेला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. येथील कोटा या गावावरूनच ‘कोटा स्तरसमूह’ ही संज्ञा भूशास्त्रात रूढ झाली. प्रस्तुत लेखात या स्तरांतील मत्स्य-जीवाश्मांच्या जातिनिश्चितीचा आढावा घेण्यात आला आहे.

ओळखीचे निकष :

घरगुती सागरी मत्स्यालयातील प्रवाळ ओळखताना रंग बहुधा फसवा ठरतो. प्रकाश बदलला की रंगही बदलतो. खात्रीची ओळख चुनखडीच्या सांगाड्यावरील सूक्ष्म पेल्यांच्या रचनेवरून होते. जीवाश्म माशांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. मांस व रंग नष्ट होतात. चौकटाकृती, जाड, चकचकीत खवले, दात व कवटीची हाडे तेवढी उरतात.

जातिनिश्चितीचे टप्पे :

दख्खनच्या जिवंत माशांचा अभ्यास केलेल्या कर्नल सायक्स यांनी १८५१ मध्ये कोटा येथील जीवाश्म लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे मांडले. एगर्टन यांनी त्यांचे वर्णन करून ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ ही जात निश्चित केली. नावात दख्खन आले. कोटा मात्र आले नाही. युरोपातील ज्युरासिक माशांशी असलेल्या साम्यामुळे या स्तरांचे वयही ज्युरासिक ठरविण्यात आले. म्हणजेच एका माशाच्या ओळखीवर संपूर्ण स्तरसमूहाचे कालमापन अवलंबून होते. १८८१ मध्ये विल्यम किंग यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचे विस्तृत भूशास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९७३ मध्ये सोहन लाल जैन यांनी नव्या नमुन्यांच्या आधारे पूर्वी ‘डॅपेडियम’ मानल्या गेलेल्या माशासाठी ‘पॅराडॅपेडियम’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. युरोपीय साच्यात बसविलेली ओळख अशा रीतीने सव्वाशे वर्षांच्या आसपास दुरुस्त झाली.

समुद्र की सरोवर?

लेपिडोटसचे आप्त युरोपात सागरी खडकांतही सापडतात. म्हणून केवळ माशांवरून येथे समुद्र होता, असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते. कोटा चुनखडीत प्रवाळ वा अमोनाइट आढळत नाहीत. उलट गोड्या पाण्यातील ऑस्ट्रॅकोड आणि १९८१ मध्ये वर्णिलेला ‘कोटाथेरियम’ हा आद्य सस्तन प्राणी आढळतो. त्यामुळे सरोवर व नद्यांचा परिसर हेच अनुमान ग्राह्य ठरते.

समारोप :

जातिनिश्चिती अंतिम नसते. नवा नमुना जुनी ओळख बदलू शकतो. मात्र त्यासाठी नमुना कोणत्या थरातून मिळाला, याची नोंद आवश्यक असते. नोंदीविना उचललेला दगड केवळ शोभेची वस्तू ठरतो. याच खोऱ्यातील ‘बारापासॉरस’ डायनासोरचा सांगाडा आज कोलकाता येथे उभा आहे. जीवाश्मांचा हा वारसा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना त्याच्या मूळ भूमीतच अभ्यासता यावा, यासाठी स्थळांचे जतन व स्थानिक नोंदवही या दोन्ही बाबी अगत्याच्या आहेत.