दप्तरांतील वेखंड व ओंवा

रुमालांत वेखंड घातलें कीं दप्तर सुरक्षित झालें, अशी समजूत संग्राहकांत रूढ आहे. ती अर्धीच खरी असून उरलेल्या अर्ध्यापायीं कागद नासतात. म्हणून तिचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

जुन्या हातकागदास पिठाची खळ देऊन तो घोटीत असत. ही खळ कसरीचें अन्न, तसेंच बुरशीचेंही. परंतु हे शत्रू दोन आहेत. बुलढाणा जिल्ह्यांतील अमडापुरासारख्या गांवीं उन्हाळ्यांत भय असतें तें कसरीचें व वाळवीचें. पावसाळ्यांत हवेची सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली म्हणजे त्यांत बुरशीची भर पडते.

वेखंडाच्या तेलांत बीटा-असारोन हें द्रव्य असतें. त्याचा मुख्य गुण कीटकांची वाढ व प्रजनन रोखण्याचा. बुरशीवरही तें प्रयोगशाळेंत चालतें. पण वाळलेल्या तुकड्याचा वास उडाला कीं ओलसर पेटींत त्याचा भरंवसा उरत नाहीं.

बुरशीस खरा मारक पदार्थ आमच्या फडताळांतच होता. ओंव्याच्या तेलांत साधारण ३५ ते ६० टक्के थायमॉल असतें. तें बुरशीच्या पेशीचें आवरण फोडतें. थाइमच्या तेलांतून तें १७१९ सालीं कास्पर न्यूमान यानें वेगळें काढलें. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानचा ओंवा जर्मनीस जाई व त्याचें थायमॉल तेथें निघे. पुढें विसाव्या शतकांत बंद कपाटांत दिव्याच्या उष्णतेनें थायमॉलची वाफ कागदांस देण्याची रीत दप्तरखान्यांत पडली. ती आतां मागें पडली आहे. कारण ती वाफ माणसास अपायकारक असून रंगांस व रोगणास बाधते, आणि कपाट उघडल्यावर तिचें संरक्षण संपतें.

यावरून निष्कर्ष असा कीं, औषधी हें कोरड्या हवेचें साहाय्य होय, तिचा पर्याय नव्हे. ओलसर रुमाल प्रथम सावलींत, वाऱ्यावर वाळवावा. वेखंडाची पूड किंवा ओंव्याचें तेल कागदास लावूं नये, डाग पडतो. पुरचुंडी करून ती कागदापासून दूर ठेवावी.

आणखी एक विनंती. जुन्या रुमालाची गांठ सोडतांना वेखंडाचा तुकडा सांपडल्यास तो केर समजून टाकूं नये. कोणत्या दप्तरांत काय सांपडलें, याची नोंद करून तो निराळ्या पाकिटांत ठेवावा. दप्तर राखणाऱ्यानें केलेल्या उपायाचा तोही एक पुरावाच आहे.