रुळांमधलं अंतर आणि आपला मराठवाडा

१८४७ साली इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर 'आयर्न ड्यूक' जातीची एक्स्प्रेस इंजिनं आली. डॅनियल गूचनं आखलेली. मुख्य चाक ८ फूट, म्हणजे आपल्या घराच्या दारापेक्षा उंच. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात. त्यांच्या दोन रुळांमधलं अंतर ७ फुटांहून किंचित जास्त. इतर बहुतेक कंपन्यांचं ४ फूट साडेआठ इंच.

इंजिन एक नंबर, पण ग्लॉस्टरला ही दोन मापं भेटायची आणि सगळा माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागायचा. वेळ, हमाली, नासधूस. शेवटी मे १८९२ मध्ये उरलासुरला रुंद मार्ग दोन दिवसांत अरुंद केला अन् त्या घराण्यातली शेवटची इंजिनं भंगारात गेली.

हे भांडण डलहौसीनं लंडनला व्यापार खात्यात असताना जवळून पाहिलं होतं. गव्हर्नर जनरल झाल्यावर त्यानं बजावलं, हिंदुस्थानात माप एकच ठेवा. ५ फूट ६ इंच ठरलं. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी त्यावरच धावली. पण १८७० मध्ये खर्च वाचवायला सरकारनंच मीटरगेज आणलं.

भुर्दंड आपण भरला. निजाम राज्यातली मनमाड-नांदेड-सिकंदराबाद लाइन १९०० च्या सुमारास झाली ती मीटरगेज. लातूरला बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज. मनमाड आणि कुर्डुवाडी ही आपली ग्लॉस्टर. मुंबईचा माल तिथं उतरवा, पुन्हा चढवा. नांदेडला ब्रॉडगेज यायला १९९० चं दशक उजाडलं, लातूर-कुर्डुवाडीला तर २००८.

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. जुनी नॅरोगेज असती तर त्या वाघिणी कुर्डुवाडीच्या पुढं सरकल्याच नसत्या.

आता आपलं अर्धापूर. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ पासून कागदावर आहे. वर्धा-कळंब तुकडा २०२४ ला सुरू झाला. आपल्या तालुक्यातली केळी मात्र अजून ट्रकनंच जाते.

वंदे भारतचं कौतुक करूच. पण पुढारी गावात आले की त्यांना वेग विचारू नका. आपल्याकडचा रूळ कधी जोडणार, तारीख विचारा.