पावातल्या सॉसेजवर काय घालावं?

मसाल्यात खोबरं किती भाजायचं, यावरून दोन तालुक्यांतल्या बायका तासभर वाद घालू शकतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. आज आम्ही असाच एक वाद सांगणार आहोत, पण तो अमेरिकेतला. तिथे हॉट डॉगवर काय घालायचं यावरून शहरं एकमेकांशी भांडतात. आणि त्या भांडणामागचा इतिहास आपल्यासारख्या, हातांनी पदार्थ करून विकणाऱ्या बायकांनी ऐकण्यासारखा आहे.

आधी हॉट डॉग म्हणजे काय ते सांगतो. नावात कुत्रा असला तरी पदार्थात नाही. बारीक केलेलं, मसाला घातलेलं मांस पातळ आवरणात भरून जे लांबट सॉसेज होतं, ते मऊ लांब पावात ठेवून देतात. गोव्याचा चोरीस-पाव खाल्लेल्यांना कल्पना येईल. सॉसेज आणि पाव सगळीकडे जवळपास सारखेच. भांडण आहे ते वर काय घालायचं याचं.

हे सॉसेज अमेरिकेत नेलं जर्मनीहून पोटासाठी गेलेल्या लोकांनी. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर चार्ल्स फेल्टमन नावाचा जर्मन माणूस 1867च्या सुमारास गाडीवर ते विकू लागला. पुढे त्याचं मोठं उपाहारगृह झालं. तिथे नोकरी केलेल्या नेथन हँडवर्करने 1916मध्ये जवळच स्वतःचं छोटं दुकान टाकलं. तो पोलंडकडून आलेला ज्यू. फेल्टमनकडे हॉट डॉग 10 सेंटला मिळायचा, याने 5 सेंटला दिला. मसाल्याची कृती त्याची पत्नी इडा हिच्याकडची, असं त्या दुकानाच्या इतिहासात सांगतात. दुकानावर नाव मात्र नेथनचंच लागलं. हे आपल्याला नवीन नाही.

न्यूयॉर्कचे लोक हॉट डॉगवर तिखटसर मोहरीची चटणी, टोमॅटोच्या रसात शिजवलेला कांदा आणि जर्मन पद्धतीचा आंबवलेला कोबी घालतात. त्या कोबीचीही एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली, तेव्हा जर्मन नावाची प्रत्येक गोष्ट लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली. मग या कोबीला ‘स्वातंत्र्य कोबी’ म्हणायला सुरुवात झाली. कोबी तोच, बरणी तीच, फक्त नाव बदललं. आज तोच कोबी न्यूयॉर्कची शान आहे.

आता शिकागोला जाऊ. तिथे 1893 साली मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या एमिल रायशेल आणि सॅम्युएल लाडनी या दोघांनी तिथे गोमांसाचं सॉसेज विकलं. पुढे 1929नंतर महामंदी आली. हातात पैसा नाही, काम नाही. मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात ज्यू, ग्रीक, इटालियन विक्रेते शेजारी शेजारी गाड्या लावत. 5 सेंटच्या पावावर त्यांनी मोहरी, कांदा, टोमॅटोच्या फोडी, काकडीचं लोणचं, मिरच्या, असं बरंच काही रचलं. गरिबाचं एका पावात जेवण व्हायचं. शिकागोवाले त्याला ‘बागेतून ओढून आणलेला’ म्हणतात. मात्र टोमॅटो केचप त्यावर अजिबात चालत नाही. ते म्हणतात, केचपचा गोडवा बाकी सगळ्या चवी मारतो. ओबामा शिकागोचे. 2016मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्यांनीही सांगितलं, की वयाच्या आठव्या वर्षानंतर हॉट डॉगवर केचप नको. 2017मध्ये हाइन्झ कंपनीने तेच केचप ‘शिकागो डॉग सॉस’ असं नाव लावून तिथे आणून पाहिलं.

डेट्रॉइटची तर आणखीच गंमत. तिथे 1917पासून एका ग्रीक कुटुंबाचं दुकान आहे. ते मोहरी, कांदा आणि खिम्याचा पातळ रस्सा घालतात. या प्रकाराला नाव ‘कोनी’, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या किनाऱ्याचं. न्यूयॉर्कला असा रस्साच नाही! त्याच कुटुंबातल्या भावाने काढलेलं दुकान अगदी भिंतीला भिंत लावून. कोणतं खरं, यावर गावात दोन तट. आणि उत्तरेला 100 किलोमीटरवर मोटारी बनवणाऱ्या कामगारांचं फ्लिंट शहर आहे. तिथले म्हणतात रस्सा नकोच, खिमा सुकाच हवा.

या पदार्थाला सगळ्यात मोठा मान मिळाला 1939च्या जून महिन्यात. इंग्लंडचे राजाराणी अमेरिकेला आले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर यांनी त्यांना आपल्या गावच्या घरी वनभोजनाला बोलावलं आणि त्यात हॉट डॉग ठेवले. देशाची अब्रू जाईल म्हणून लोक हवालदिल झाले. कुणी तर सासूबाईंना पत्र लिहिलं, की सुनेला आवरा. सासूबाईंनी ते पत्र सुनेकडे पाठवून दिलं आणि एलेनॉरबाईंनी ते वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात सांगूनही टाकलं. बेत काही बदलला नाही. राजाने आणखी एक मागून घेतला, अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली.

आम्हाला यातून एक गोष्ट दिसते. ज्या चवीला आज शहरं ‘आमची अस्सल’ म्हणतात, ती तिथे उशिरा आलेल्या, गरीब, परक्या मानल्या गेलेल्या लोकांनी केली. अजूनही तेच चाललंय. ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून आलेला हॉट डॉग विकतात. त्यावर उकडलेल्या शेंगदाण्यांचा नव्हे, तर राजम्यासारख्या शेंगांचा थर असतो. तशा एका गाडीवरून वाढलेल्या दुकानाला 2018मध्ये जेम्स बियर्ड हा खाद्यक्षेत्रातला मोठा पुरस्कार मिळाला. उद्या तेही ‘अस्सल’ होईल, आणि नंतर येणाऱ्याला हेच लोक नाकं मुरडतील.

चवीचा अभिमान असावाच. कोल्हापूरकडच्या बाईने कांदा-लसूण मसाल्यासाठी आणि सोलापूरकडच्या बाईने काळ्या मसाल्यासाठी भांडावं, त्यातून माल चांगला होतो. पण दोन्ही मसाल्यांतली मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इथे आली. म्हणून दुसरीच्या मसाल्याला ‘हे काही खरं नाही’ म्हणताना जरा थांबावं. गटात लग्न होऊन लांबून आलेली सून असेल, कामासाठी परजिल्ह्यातून आलेली बाई असेल, तर तिची कृतीही एकदा करून, चाखून बघावी. आणि तिचा मसाला खपू लागला, तर पाकिटावर तिचं नाव जरूर छापावं. इडाचं राहून गेलं, आपल्याकडे तसं नको.

तुमच्या गावात कोणत्या चवीवरून वाद आहे, ते आम्हाला केंद्रावर येऊन नक्की सांगा.