गाऱ्हाणे आणि ठराव : हिंडलगा परिसरातील सभांचा मागोवा

बेळगाव शहरातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की शहराची वस्ती संपते न संपते तोच हिंडलगा लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते मध्यवर्ती कारागृहामुळे. सीमाभागातील मराठी माणसाला ते ठाऊक असते हुतात्मा स्मारकामुळे. परंतु गावाची तिसरीही एक ओळख आहे आणि ती नित्याच्या जगण्याशी निगडित आहे. शहराच्या वेशीवरच्या या गावाने आपले पाणी, रस्ते, गटारे, दिवाबत्ती यांची गाऱ्हाणी कोणापुढे मांडावयाची, कोणत्या भाषेत मांडावयाची आणि त्यांची नोंद कोठे व्हावयाची, हा प्रश्न येथे पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला आहे.

जुन्या काळी गावची गाऱ्हाणी चावडीवर निघत. पाटील आणि कुलकर्णी ही सरकारची गावातील माणसे. वाद तोडावयास पंच बसत, देवळाच्या आवारात गाव जमे, दवंडी पिटून निर्णय सर्वांस कळे. या व्यवस्थेत ओलावा होता, तशीच विषमताही होती. पंचांच्या पंक्तीत स्त्रियांना स्थान नव्हते आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचे गाऱ्हाणे दुरूनच ऐकले जाई. शिवाय बहुतेक निर्णय तोंडी होत. दिलेला शब्द पाळणारा माणूस असेतोवर शब्द टिके. माणूस गेला की शब्दही जाई.

इंग्रजी अमलात १८५० च्या सव्वीसाव्या कायद्याने शहरांना नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली. रहिवाशांची इच्छा असेल तेथेच हा कायदा लागू करावयाचा होता, हे त्याचे वैशिष्ट्य. बेळगावात १८५१ साली नगरपालिका स्थापन झाली. सार्वजनिक वाचनालय त्यापूर्वीच, १८४८ साली, येथे उभे राहिले होते. सार्वजनिक वाचन आणि सार्वजनिक कारभार ही दोन्ही रोपे या शहरात तीन वर्षांच्या अंतराने रुजली, हा योगायोग मोलाचा आहे. वृत्तपत्र आणि सरकारी सूचना एकत्र बसून वाचणारा वर्ग असल्यावाचून सभेत प्रश्न विचारणारा नागरिक घडत नाही.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा आला. पुढे १९२० व १९३३ साली ग्रामपंचायतींचे कायदे झाले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे हेच कायदे येथे लागू होते. मतदानाचा अधिकार प्रारंभी मोजक्यांनाच असला, तरी एक नवी गोष्ट घडली. सभेची सूचना, सभेचे कामकाज आणि सभेचा ठराव या तिन्ही गोष्टी लेखी झाल्या. गाऱ्हाण्याचे रूपांतर ठरावात होऊ लागले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा टापू म्हैसूर राज्यात गेला. गावे तीच, माणसे तीच, विहिरी आणि रस्तेही तेच. बदलली ती दप्तराची भाषा. म्हैसूर राज्याने १९५९ साली ग्रामपंचायतींचा आपला कायदा केला, १९६१ च्या कायद्याने वतनी ग्रामअधिकार रद्द झाले आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या जागी पगारी तलाठी आला. १९८१ साली स्थानिक संस्थांचा कारभार कन्नडमध्ये चालावा असा कायदा झाला. चर्चा मराठीत आणि इतिवृत्त कन्नडमध्ये, अशी दुहेरी रीत त्यामुळे सीमाभागातील अनेक गावांत पडली. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांमध्ये भाषांतर करणारा माणूस उभा राहिला. आपण मांडलेले गाऱ्हाणे जसेच्या तसे नोंदले गेले की नाही, हे मांडणाऱ्याला स्वतः वाचून पाहता येईना. या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

राज्यघटनेचे ३५० वे कलम या संदर्भात मननीय आहे. आपल्या तक्रारीच्या निवारणार्थ संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा अधिकार ते प्रत्येकाला देते. मात्र उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, याविषयी ते मौन पाळते. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत भाषिक अल्पसंख्याकांसाठी काही संकेत मान्य झाले. ज्या भागात त्यांची लोकसंख्या १५ टक्क्यांहून अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हा त्यांतील एक. सभेची कागदपत्रे मराठीतही मिळावीत, या मागणीला या संकेतांचाच आधार आहे. ती मागणी कन्नडचा अनादर करणारी नाही. बेळगावात दोन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, आणि कन्नड शेजाऱ्याचे व मराठी शेजाऱ्याचे नळ एकाच वेळी कोरडे पडतात.

गाऱ्हाण्याला सभागृहात वाट मिळाली नाही की ते रस्त्यावर येते. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. एप्रिलमध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला आणि शेतकरी बळी पडले. १ जून १९८६ पासून बेळगाव परिसरात कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले. त्यातील गोळीबारात नऊ जणांनी प्राण गमावले. हिंडलग्याचे स्मारक त्यांचेच. दरवर्षी १ जूनला तेथे सीमाभागातील लोक अभिवादनास जमतात.

सभागृहातील ठरावालाही काही वेळा मोठी किंमत मोजावी लागली. ऑक्टोबर २००५ मध्ये बेळगाव महानगरपालिकेने सीमाभाग महाराष्ट्रात समाविष्ट करावा असा ठराव केला. पुढच्याच महिन्यात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासण्यात आले आणि राज्य शासनाने महानगरपालिका बरखास्त केली. २०११ च्या अखेरीस पुन्हा एकदा लोकनियुक्त सभागृह बरखास्त झाले. या घटनांची चर्चा सीमाप्रश्नाच्या अंगाने पुष्कळ झाली. त्यांचा दुसरा परिणाम मात्र फारसा कोणी सांगत नाही. प्रशासकाच्या कारकिर्दीत नागरिकाला अर्ज देता येतो. प्रश्न विचारण्यासाठी प्रतिनिधी उरत नाही. सभागृह गेले की तुंबलेल्या गटाराचीही वाचा जाते.

खेड्यांच्या बाबतीत मात्र कायद्याने पुढचे पाऊल टाकले होते. कर्नाटकात १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायती आल्या आणि गावोगावी ‘प्रधान’ हा शब्द रुळला. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९३ चा पंचायतराज कायदा आला, प्रधान जाऊन अध्यक्ष आले आणि ग्रामसभेला वैधानिक स्थान मिळाले. सहा महिन्यांतून किमान एकदा ग्रामसभा व्हावी, तीत हिशेब आणि कामांची यादी गावापुढे ठेवावी, असे बंधन आले. पुढे प्रभागसभांचीही भर पडली. चावडीवर ज्यांना बसता येत नव्हते, त्या स्त्रियांना व दलितांना राखीव जागांमुळे पंचायतीत अधिकाराने बसता आले. हा बदल लहान नव्हे.

तरीही कागद आणि कृती यांतील अंतर किती घातक ठरू शकते, हे हिंडलग्यानेच २०२२ साली पाहिले. गावात सुमारे चार कोटी रुपयांची रस्त्यांची व अन्य कामे आपण तोंडी आश्वासनावर, कार्यादेश हाती नसताना केली आणि देयके थकली, असा दावा एका ठेकेदाराने केला होता. त्याने आत्महत्या केली. राज्याच्या ग्रामविकास मंत्र्यांना पद सोडावे लागले. पोलिसांनी पुढे मंत्र्यांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला. दोष कोणाचा, हे ठरविणे हे इतिहासलेखकाचे काम नव्हे. पण गावात डोळ्यांदेखत काम होत असताना त्याचा ठराव, मंजुरी आणि अंदाजपत्रक कोठे आहे, हे विचारण्याची हक्काची जागा ग्रामसभा होती, एवढे खास.

राकसकोप जलाशयातून शहराकडे जाणारे पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनमार्गे जाते. जवळून मार्कंडेय नदी वाहते. शहर आणि गाव यांचे प्रश्न असे एकमेकांत मिसळले आहेत. त्यांची दप्तरे मात्र वेगळी, कचेऱ्या वेगळ्या. अशा गावातील रहिवाशाला दोन दारे ठोठवावी लागतात, आणि दोन्हीकडे दाखवावयास त्याच्याजवळ लेखी आधार असावा लागतो.

येथेच वाचनालयाचे कार्य सुरू होते. ग्रंथांचा संग्रह करणे हे त्याचे काम आहेच. त्याबरोबर परिसरातील पंचायतींच्या ठरावांच्या प्रती, अंदाजपत्रके, सभांच्या सूचना आणि स्थानिक वृत्तपत्रांतील वृत्तान्त यांची फाईल राखणे, आणि कन्नड इतिवृत्ताचे मराठी भाषांतर सभासदांस उपलब्ध करून देणे, हेही त्याच्याच परंपरेत बसते. त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारे सभासद सीमाभागातील प्रत्येक वाचनालयात आहेत. गावाचे गाऱ्हाणे गावाला वाचता येईल अशा रूपात जपले गेले, तर पुढच्या सभेत प्रश्न विचारणारा माणूस रिकाम्या हाताने उभा राहणार नाही.